मुंबई–ल्युटन (लंडनजवळचा विमानतळ) विनाथांबा उड्डाणाला हिवाळ्यात इंधन कमी पडते तेव्हा: माझा अनुभव
आठवडाभर आधी जुळलेला खासगी जेटचा इंधनहिशेब समोरच्या वाऱ्यामुळे आदल्या रात्री कोलमडत असे. वेग घटवला, उंची बदलली, सामान कमी केले. तरी ऐनवेळी वाटेत इंधन भरण्याच्या थांब्याचे परवाने मिळवण्याचा मनस्ताप टळेना.

अखेर हिशेब शेवटाकडून मांडला: दीड हजार फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालण्यापुरते इंधन, मग पर्यायी विमानतळापर्यंतचे, त्यानंतर अनपेक्षित गरजेसाठी प्रवासाच्या इंधनाचे ५ टक्के. पुढे सरासरीऐवजी त्या महिन्याचा ८५ टक्के विश्वासार्हतेचा वारा (म्हणजे शंभरपैकी ८५ वेळा प्रत्यक्ष वारा ज्याहून प्रतिकूल नसतो तो) धरला. शेवटी वाटेवरच्या अथेन्सच्या अलीकडे निर्णयबिंदू (पुढे जायचे की उतरायचे हे ठरवण्याची जागा) ठरवून तिथला किमान इंधनाचा आकडा वैमानिकांच्या कागदावर ठळक चौकटीत छापला आणि अथेन्सचा परवाना, स्लॉट (विमानतळावर राखून ठेवलेली वेळ), इंधनपुरवठा व उतरतानाची वजनमर्यादा (ही तपासणी हमखास राहून जाते) उड्डाणापूर्वीच पक्की केली. आता चौकटीतल्या आकड्यापेक्षा इंधन कमी दिसले, की विमान थेट अथेन्सला उतरते.