बॉल जॉइंट घरी बदलताना हातोडा कुठे मारायचा

बॉल जॉइंट म्हणजे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) यांना जोडणारा, सगळीकडे फिरणारा सांधा. आधी दोष नक्की करा. चाक उचलून वरून आणि खालून धरा, आत-बाहेर हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी आत टॉर्च मारून बघायला सांगा. बेअरिंग सैल असलं तरी चाक असंच हलतं. लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये हालचाल दिसली तरच जॉइंट गेलाय. नुसत्या खडखडीवरून नवा भाग आणू नका.

गाडी स्टँडवर, चाक बाहेर, स्प्लिट पिन (नट आपोआप फिरू नये म्हणून घातलेली) काढलेली, नट सैल केलेला. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र जिवावरची आहे: तुमच्या गाडीत स्प्रिंग थेट लोअर आर्मवर टेकलेली असेल, तर जॉइंट सुटताच आर्म तोफेसारखा खाली येतो. तिथे आर्मखाली जॅक लावायचा आणि शेवटपर्यंत काढायचा नाही.

आता खरी लढाई. स्टड म्हणजे जॉइंटमधून बाहेर आलेली आट्यांची दांडी. तो निमुळता असतो आणि नकलच्या निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसतो. नट काढला म्हणून तो सुटत नाही. पहिल्या वेळी मी नट पूर्ण काढला आणि स्टडच्या टोकावरच घण घातला. टोक फुलून छत्रीसारखं झालं, जॉइंट तसूभर हलला नाही आणि अर्धा दिवस गेला.

स्टडवर मारायचंच नाही. नकलच्या ज्या कडीत स्टड बसलाय, त्या कडीच्या बाजूवर मारायचं. जड हातोड्याचे दोन-तीन सणसणीत घाव. टकटक करून काही होत नाही. घावाने कडी क्षणभर लंबगोल होते आणि स्टडवरची पकड सुटते. पलीकडून दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर घाव वाया जात नाही. नट मात्र चार-पाच आट्यांवर राहू द्या, नाहीतर आर्म निसटून पायावर येईल. तरीही हटला नाही तर पुलर (स्टड दाबून बाहेर काढणारं अवजार) लावून ताण द्या आणि ताणलेल्या अवस्थेतच कडीवर मारा. ‘फटाक’ असा आवाज आला की झालं. नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोडा बाजूला ठेवा, फक्त पुलर.

‘दोन दातांचा काटा ठोका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने जॉइंटवरचा रबर बूट (रबरी आवरण) फाटतो, म्हणून जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तरच तो वापरा. गॅसची ज्योत तर नकोच. शेजारी ड्राइव्ह शाफ्टचा बूट आणि एबीएसची वायर असते.

जॉइंट बोल्टने बसवलेला असेल तर काम सोपं. रिव्हेट असतील तर ड्रिलने काढा, त्या जागी नव्या जॉइंटसोबतचे बोल्ट लागतात. आर्ममध्ये दाबून बसवलेला असेल आणि प्रेस नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अख्खा आर्मच बदला. व्हाइसमध्ये धरून ठोकलेला जॉइंट वाकडा बसतो. आर्मचे बुशवाले (गाडीकडच्या टोकाच्या रबरी सांध्यातले) बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर बुशचं रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

बसवताना निमुळत्या भागाला ग्रीस लावू नका, कोरडा पुसा. नटबरोबर स्टडही फिरू लागला तर खालून जॅकने हलका दाब द्या. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळायचा, मागे सैल करायचा नाही.

मग चाकांचं अलाइनमेंट.