कोकणकड्यावर चहा उकळायचा असेल तर कोणता गॅस स्टोव्ह घ्यावा

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा स्वयंपाक गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. चार ते आठ माणसं, वर्षाला सहा-सात मुक्कामी ट्रेक आणि सॅकमध्ये तांदूळ, मूगडाळ, बेसन, पोहे, गूळ. मी डोंगरावर पाकिटातलं तयार जेवण नेत नाही, त्यामुळे स्टोव्हकडून माझी अपेक्षा जरा जास्तच असते. गेल्या काही महिन्यांत ग्रुपमधल्या तिघांनी विचारलं, 'ताई, वाऱ्यात चालणारा स्टोव्ह कोणता घेऊ?' त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

सुरुवात हरिश्चंद्रगडावरच्या एका डिसेंबरातल्या रात्रीपासून करते. देवळाच्या परिसरात गर्दी होती, म्हणून आम्ही कोकणकड्यापासून बरंच मागे तंबू लावले. तरी कोकणातून कड्याला धडकून वर येणारा वारा थेट पोचत होता. माझ्याकडे तेव्हा मुठीत मावणारा, घडीचा साधा स्टोव्ह होता. कॅनिस्टरवर, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर, बसवला, पेटवला, दोन लिटर पाणी ठेवलं. ज्योत पातेल्याखालून आडवी होऊन पलीकडे निघून जात होती. पंचवीस मिनिटांनी पाण्याला वाफ होती, पण उकळी नव्हती. तसाच कोमट, फिका चहा सगळ्यांना दिला. त्यानंतर खिचडी कशीबशी झाली आणि सकाळी पोह्यांना गॅसच उरला नाही. सहा माणसं उपाशी पोटी पायथ्याच्या पाचनई गावात उतरली. त्यात एक चौदा वर्षांचा मुलगा होता, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन हिशेब मांडला. एक ग्रॅम गॅस जळला की साधारण ४५ किलोज्यूल उष्णता मिळते. दोन लिटर थंड पाणी उकळायला ६७० किलोज्यूलच्या आसपास लागते, म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर पंधरा ग्रॅम गॅस पुरे. वारा नसतानाही निम्मी उष्णता इकडे-तिकडे जाते, तेव्हा तीस ग्रॅम धरा. आता ३ किलोवॅटचा स्टोव्ह पूर्ण सोडला तर तासाला २३५ ग्रॅमच्या आसपास गॅस खातो. पंचवीस मिनिटांत जवळपास शंभर ग्रॅम. त्या रात्री तीस ग्रॅमचं काम शंभर ग्रॅममध्येही झालं नाही.

म्हणून दुकानात खोक्यावर किती किलोवॅट लिहिलंय याच्या मागे लागू नका. आग मोठी असली म्हणजे वाऱ्यात टिकते असं होत नाही. ती पातेल्याच्या बाजूने वर जाते आणि गॅस तेवढा लवकर संपतो.

मी हातात घेऊन आधी बर्नरचं तोंड बघते. साध्या स्टोव्हचं तोंड छोट्या छत्रीसारखं, वर फुगीर असतं, आणि ज्योती कडेने बाहेर निघतात. वाऱ्याला त्या आयत्याच सापडतात. वाऱ्यासाठी केलेल्या बर्नरचं तोंड उलट, खोलगट वाटीसारखं असतं. भोकं वाटीच्या आत आणि कड वर आलेली. सोटो कंपनीचा विंडमास्टर असा आहे, एमएसआर कंपनीचा पॉकेटरॉकेट डीलक्सही याच धाटणीचा. यानंतर पातेलं ठेवायचे पाय बघायचे. पाय जितके आखूड, तितकं पातेलं ज्योतीजवळ बसतं आणि मधून वारा शिरायला फट कमी राहते. स्वस्त घडीच्या स्टोव्हमध्ये नेमकी ही फट मोठी असते. माझ्या जुन्या स्टोव्हची फट मी नंतर मोजली, बोट उभं मावत होतं.

तिसरी गोष्ट रेग्युलेटर, आणि हिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. गॅस जळत असताना डब्यातला द्रव वाफ होत राहतो आणि त्यामुळे डबा गार पडतो. तासाभराने हात लावून बघा, बाहेरून घाम आलेला असतो. डबा गार झाला की आतला दाब उतरतो आणि आग मंदावते. रेग्युलेटर असेल तर दाब कमी-जास्त झाला तरी बर्नरला गॅस बराच काळ सारखा मिळतो. पण थंडीत वाफच होत नसेल तर रेग्युलेटर ती तयार करू शकत नाही. 'रेग्युलेटर आहे म्हणजे बर्फात चालेल' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

खऱ्या अर्थाने वाऱ्याला दाद न देणारे स्टोव्ह वेगळ्याच जातीचे आहेत. एमएसआरचे विंडबर्नर आणि रिॲक्टर. यांत उघडी ज्योत नसते. गॅसमध्ये लागणारी हवा आतच मिसळून येते आणि धातूच्या बारीक जाळीवर लालभडक धग होते. पातेलं त्या धगीवर झाकणासारखं बसतं, खाली उष्णता धरणाऱ्या पात्या असतात. कड्यावर असा स्टोव्ह मी दुसऱ्याच्या हातात पाहिला आहे: शेजारचे सगळे दगड रचत बसले होते आणि याचं पाणी तोवर उकळलं. पण तो फक्त स्वतःच्या भांड्याबरोबर चालतो, आणि आच अगदी मंद करायची म्हटली तर अवघड. पाणी, चहा, सूप, नूडल्स यांसाठी तो उत्तम. पिठलं त्यात करू नका, तळाला धरतं. वजन भांड्यासकट चारशे ग्रॅमच्या वर जातं. आणखी एक: दिवसाउजेडी धग नीट दिसत नाही, पेटलाय की नुसता गॅस सुटतोय हे वाकून न बघता आवाजावरून आणि वर हात लांब धरून ओळखायची सवय लावून घ्या.

जेटबॉईलसारखे भांड्यासकटचे स्टोव्ह दिसायला याच वर्गातले वाटतात. उष्णता धरणाऱ्या पात्या त्यांच्यातही आहेत आणि वारा नसताना गॅस खरोखर कमी लागतो. पण ज्योत उघडी असते, म्हणून जोराच्या वाऱ्यात तीही डळमळते. खोका सारखा दिसला म्हणून दोन्ही एकच समजू नका.

मग घ्यायचा कोणता? हे वाऱ्यापेक्षा तुम्ही काय शिजवता त्यावर ठरतं. एकटे किंवा दोघं जाणार, पाणी तापवून भागणार आणि जागा नेहमी उघडी असेल, तर विंडबर्नरच्या जातीचा. दोघं-तिघं, आणि खिचडी-पिठलं हवं, तर खोलगट तोंडाचा, रेग्युलेटर असलेला छोटा स्टोव्ह. हाच मला सह्याद्रीसाठी बहुतेकांना सुचवावासा वाटतो. याचं वजन शंभर ग्रॅमच्या आत असतं. चार माणसांच्या पुढे गेलात की मात्र डब्यावर बसणारा कुठलाच स्टोव्ह नको. तीन लिटरचं पातेलं एका लहानशा डब्यावर डुगडुगतं, आणि रुंद तळाची उष्णता परत खाली डब्यावर येते. आठ जणांची उकळती डाळ कुणाच्या मांडीवर सांडली तर गडावरून दवाखान्यात न्यायला किती तास लागतील याचा विचार करा. मी आता नळीचा स्टोव्ह नेते: बर्नर जमिनीलगत तीन पायांवर, आणि कॅनिस्टर हातभर नळीने लांब. एमएसआरचा विंडप्रो या पद्धतीचा आहे.

नळीच्या स्टोव्हचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याला भोवताली पत्र्याचा आडोसा करता येतो. डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हला तसा आडोसा कधीही करू नये. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण आपल्याला चुलीची सवय आहे. तीन दगड, भोवती आणखी दगड, वारा बंद. राजगडावर पद्मावती माचीवर आमच्यातल्याच एकाने मदत म्हणून माझ्या स्टोव्हभोवती दगडांची पूर्ण भिंत रचली. मी कांदा चिरत होते. पाच मिनिटांनी डब्याला हात लावला तर चटका बसला. लगेच चावी बंद केली, सगळ्यांना लांब केलं आणि डबा गार होईपर्यंत कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि त्याच्यापुढे दाब वाढत गेला तर डबा फुटतो. आडोसा करायचाच तर वाऱ्याच्या एकाच बाजूला, वीतभर अंतर ठेवून; बाकी बाजू मोकळ्या. दर दोन-तीन मिनिटांनी डब्याला हात लावायचा. कोमट चालेल, हाताला सोसत नसेल तर बंद.

वारा फार आहे म्हणून तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. जळताना होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कापड पेटायला क्षण पुरतो. गुहेत शिजवताना तोंडाशी बसावं, आत कोपऱ्यात नाही. सुक्या गवतापासून लांब, खडकावर किंवा मोकळ्या मातीवर बसा. फेब्रुवारीनंतर आपल्या डोंगरांवर एका ठिणगीने वणवा लागतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या ठिकाणी वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या.

आता डबा. स्क्रूचा, बुटका, घुमटाकार असतो तो ट्रेकिंगचा. त्यात ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. लांब नळकांड्यासारखा, टेबलावरच्या शेगडीचा डबा स्वस्त आणि सहज मिळतो, ॲडॉप्टर लावून चालतो, पण त्यात बहुतेक साधं ब्युटेन असतं. ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. सह्याद्रीत थंडीच्या रात्री पारा पाच-सहावर आला तरी नळकांडं रडतखडत चालतं. जानेवारीत हिमालयातल्या केदारकंठाच्या वाटेवर, बर्फात, ते निरुपयोगी. तिथे मिश्रणाचाच डबा, आणि रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. नळकांडं आडवं ठेवताना त्याच्या कडेची खाच वर यायला हवी, नाहीतर द्रव गॅस बर्नरमध्ये येऊन भडका उडतो. रिकाम्या डब्यात घरच्या सिलेंडरमधून गॅस भरून देणारे असतात, त्यांच्याकडून घेऊ नका.

गॅसचे डबे विमानात न्यायला बंदी आहे, हातातल्या सामानातही आणि चेक-इनलाही. रेल्वेतही ज्वलनशील गॅस नेता येत नाही. हिमालयात जायचं असेल तर डबा मनाली, लेह किंवा डेहराडूनला पोचल्यावरच घ्या, आणि स्टोव्ह स्क्रूचा असला की तो डबा बसेल याची खात्री राहते.

विकत घेतल्यावर पहिला प्रयोग गच्चीवर करा. स्क्रू लावताना आतलं रबरी वायसर जागेवर आहे का बघा, जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवू नका. मग डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन मार्करने तळाला लिहा. नेहमीच्याच पातेल्यात एक लिटर पाणी, झाकण ठेवून उकळा, पुन्हा तोला. दुसऱ्यांदा शेजारी टेबलफॅन लावून तेच करा. पंधरा ग्रॅमचे पंचवीस झाले तर स्टोव्ह चांगला. चाळीसच्या पुढे गेले, किंवा उकळीच आली नाही, तर कड्यावर तो चालणार नाही, आणि दुकानदाराकडे परत न्यायला अजून वेळ आहे.

त्या आकड्यांवरून गॅस किती न्यायचा तेही ठरतं. आमच्या सहा जणांना एका मुक्कामाला दोनदा चहा, एक खिचडी, एक पोहे यांना साधारण आठ लिटर पाण्याइतकी आच लागते, असा माझा अंदाज आहे. वारा धरून लिटरमागे पंचवीस ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम. मी २३० चा एक डबा आणि वर ११० चा एक राखीव घेते. मूगडाळ दुपारपासून बाटलीत भिजत घातलेली असते, कारण दीड हजार मीटरवर पाणी ९५ अंशांलाच उकळतं आणि कोरडी डाळ शिजता शिजत नाही. सोबत दोन लायटर, वेगवेगळ्या खिशांत. स्टोव्हची स्वतःची ठिणगी पावसाळी दमटपणात दगा देते. रिकामा डबा काट्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, तो सॅकमध्ये घालून खाली आणायचा.