लूपर पेडल: पहिला लूप समेवर कसा बंद करावा

एकट्याने गिटार वाजवताना मागे रिदम, बेस आणि दुसरी गिटार उभी करायची असेल, तर एक लूपर पेडल पुरतं. वाजवलेलं रेकॉर्ड होतं, लगेच गोल फिरायला लागतं आणि त्यावर पुढचा थर चढवता येतो. सुरुवातीला एकाच बटणाचं पेडल घ्या. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोमध्ये ५ मिनिटं मावतात, बॉसच्या आरसी-१ मध्ये १२. आपला लूप असतो दहा-अकरा सेकंदांचा. पहिल्याच दिवशी पाच ट्रॅकचं महागडं मशीन घ्यायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पायाला एक बटण वेळेवर दाबता येत नसेल, तर दहा बटणांनी काम सोपं होत नाही.

जोडणीचा क्रम असा: गिटार, मग ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल), मग लूपर, मग ॲम्प. लूपर ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलात, तर सोलोसाठी ओव्हरड्राइव्ह चालू करताच मागचा अख्खा लूपही फाटतो. हा फाटका आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन, ॲम्पमधलंच वापरत असाल, तर लूपर ॲम्पच्या ‘इफेक्ट्स लूप’ नावाच्या जोडणीत लावा.

आता खरं काम. पहिला लूप बंद करणं. माझा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक ठिकाणी ‘वाजवून झालं की पुन्हा बटण दाबा’ एवढ्यावर उरकलेला असतो. हा सल्ला चुकीचा आहे. वाजवून झाल्यावर दाबायचंच नाही. वाजवत असतानाच दाबायचं, पुढच्या आवर्तनाच्या समेवर.

१९७० च्या दशकात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी लूपसाठी दोन टेप मशीन शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यातून फिरवली. तिथे लूपची लांबी दोन मशीनमधल्या अंतराने ठरायची. पेडलमध्ये ती तुमचा पाय ठरवतो, आणि एकदा ठरली की पुढचा प्रत्येक थर त्याच मापात बसावा लागतो.

हिशेब करून बघा. लय ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, चार-चार ठोक्यांचे चार बार, म्हणजे १६ ठोके. लूप १०.६७ सेकंदांचा व्हायला हवा. सोळावा ठोका वाजला, ‘झालं’ असं वाटलं आणि तिथेच पाय पडला, तर लूप बरोबर १० सेकंदांचा होतो. प्रत्येक फेरीत एक ठोका गिळला जातो. सोळाव्या ठोक्यालाही त्याची पूर्ण लांबी असते आणि ती सतराव्या ठोक्यावर, म्हणजे नव्या एकवर, संपते. तबलजीसाठी लेहरा धरणारा हार्मोनियमवाला सोळाव्या मात्रेवर कधी थांबतो का? तो समेवरच येतो. तुमचा पायही तिथेच यायला हवा.

थोडी चूकही लपत नाही. ५० मिलिसेकंद उशीर झाला तर प्रत्येक सांध्यावर लय अडखळते, आणि सोबत ड्रम मशीन असेल तर तेरा-चौदा फेऱ्यांत लूप जवळजवळ पूर्ण ठोकाभर मागे पडतो.

सराव गिटार बाजूला ठेवून सुरू करा. मेट्रोनोम ८० वर लावा, प्रत्येक ठोक्याला टाळी द्या आणि दर चौथ्या बारनंतरच्या ‘एक’वर फक्त पाय दाबा. ते जमलं की तारा डाव्या हाताने दाबून नुसतं छकछक स्ट्रमिंग करत तेच करा. कॉर्ड सगळ्यात शेवटी. टाच जमिनीवर टेकलेली हवी, आणि शेवटच्या बारपासूनच चवडा बटणाच्या वर तयार हवा. ऐनवेळी पाय उचलून नेलात तर उशीर ठरलेला. जाड तळव्याचे बूट नकोत. मी अनवाणीच वाजवतो. आणि बटण दाबताना हात थांबवू नका. हात थांबला की पाय चुकतो. पाय पडताना पहिली कॉर्ड पुन्हा पूर्ण जोरात वाजलीच पाहिजे.

सुरुवातही थंड हाताने करू नका. एक आवर्तन रेकॉर्ड न करता वाजवा, लय बसू द्या, आणि मग समेवर दाबा. नाहीतर पहिला बार घाबरत वाजतो आणि तो घाबरलेला बार तुम्हाला सगळं गाणंभर ऐकावा लागतो.

एक बारीक गोष्ट. शेवटच्या कॉर्डची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, सांध्यावर कापली गेली, तर लूप दर वेळी दचकल्यासारखा वाटतो. काही पेडलांमध्ये रेकॉर्डनंतरच्या दाबाला थेट ओव्हरडब, म्हणजे वरच्या थराचं रेकॉर्डिंग, सुरू होतो, काहींमध्ये नुसतं वाजणं. क्रम बदलता येत असेल तर ओव्हरडबवर ठेवा. मग पाय पडल्यावरही घुमणारी आस पुढच्या फेरीच्या सुरुवातीत मिसळते आणि सांधा कळत नाही. नव्या फेरीची पहिली कॉर्डही त्यात शिरेल, म्हणून ती जुन्या कॉर्डवर नेमकी बसायला हवी.

लूप बंद झाला की हात मांडीवर ठेवा आणि चार फेऱ्या नुसत्या ऐका. सांध्यावर मान अडखळली तर पुसा, पुन्हा करा. ‘वरचे थर चढले की झाकून जाईल’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. झाकलं जात नाही, प्रत्येक थर त्याच खड्ड्यात आपटतो. क्वांटाइझचंही, म्हणजे लूप आपोआप ठोक्याला जुळवणाऱ्या सोयीचंही, तेच. मशीन लांबी दुरुस्त करतं, उशिरा वाजलेला हात दुरुस्त करत नाही. शिकताना ते बंद ठेवा.

पुढचं सोपं आहे. आधी बेस, मग उंच पट्टीतला एखादा तुकडा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोड्या कमी आवाजात. तीन-चार थर पुरे. सोलोला जागा उरली पाहिजे. अनडू बहुतेक पेडलांत फक्त शेवटचा थर काढतं, म्हणून शंका आली की पुढचा थर चढवण्याआधीच काढा.

गळ्याच्या आवाजाचा लूप करायचा असेल तर माइक गिटारच्या पेडलात थेट खुपसू नका. माइकसाठी इनपुट असलेला लूपर लागतो. हेडफोन लावा, नाहीतर स्पीकरमधून येणारा लूप माइकमधून पुन्हा रेकॉर्ड होत राहतो आणि तिसऱ्या थराला गदारोळ होतो. फोनवरच्या ॲपला ब्लूटूथ हेडफोन अजिबात चालत नाहीत, आवाज उशिरा येतो. वायरचेच घ्या.

थांबवताना एकाच बटणाच्या पेडलांना बहुधा दोन झटपट दाब लागतात आणि लूप दुसऱ्या दाबाला थांबतो. म्हणून पहिला दाब समेच्या अर्धा ठोका आधी द्या आणि दुसरा नेमका समेवर. त्याच क्षणी शेवटची कॉर्ड हाताने वाजवा आणि घुमू द्या.