स्मार्ट स्पीकर घ्यायलाव? आधी कूलर चालू करा

दुकानात सगळेच स्पीकर भारी वाजतेत, खरी परीक्षा घरी. ओळखीचं भजन लावा अन् नीट ऐका, पखवाजाची धूम अन् टाळ वेगवेगळे ऐकू यायलेत का, मग आवाज फुल करा, टाळ नुसता चर्रचर्र वाजायला लागला की समजा दम संपला. कोपऱ्यात भिंतींमुळं बेस उगाच फुगतो, हातभर पुढं ओढून परत ऐका. आता कूलर चालू करून दहा फुटावरून स्पीकरला साध्या आवाजात हाक मारा, त्या घरघरीत ऐकतो का बघा, लातूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद कोण ठेवतंय? माझा ओरडल्याशिवाय ऐकतच नाही, बायको म्हणती तुमच्यावरच गेलाय. लाईट गेली की बहुतेक बंदच पडतेत, आत बॅटरी नसती, मग लाईट आल्यावर वायफाय आपोआप जोडतो का तेबी बघा.