क्लबचा गोपनीय करार बाहेर फुटला, तर जबाबदारी कशी ठरवायची

३१ जानेवारी २०२१ रोजी ‘एल मुंदो’ या स्पॅनिश दैनिकाने मेस्सीचा बार्सिलोनाशी २०१७ मध्ये झालेला करार छापला: चार हंगाम, ५५ कोटी ५२ लाख युरोंहून अधिक. क्लबने लगेच हात झटकले आणि दैनिकावर कारवाईची घोषणा केली. पण असा कागद एकट्या क्लबकडे कधीच नसतो, म्हणून नाव घेण्याआधी प्रतींचा माग काढावा लागतो.

पहिल्या तासात माणसं नव्हे, पुरावे धरा. मेल, शेअर्ड ड्राइव्ह आणि प्रिंटरच्या नोंदी आपोआप पुसल्या जात असतील तर ते थांबवा. बऱ्याच ठिकाणी त्या ३० किंवा ९० दिवसच टिकतात आणि कागद त्याआधीच बाहेर गेलेला असू शकतो. आयटीवाल्याने संशयिताचा लॅपटॉप ‘जरा बघतो’ म्हणत उघडला की फायलींच्या तारखा बदलतात आणि तो पुरावा पुढे खोडून काढता येतो. डिस्कची हुबेहूब प्रत काढा, तिचा हॅश (मजकूर जराही बदलला की बदलणारा ओळख-अंक) लिहून ठेवा, तपास प्रतीवरच करा.

मग छापलेलं पान बारकाईने बघा. मसुदा आहे की सहीची प्रत? स्कॅन तिरका आहे का, स्टेपलची खूण कुठे आहे, आवक शिक्का दिसतो का? आपल्या प्रतीवर नसलेला शिक्का दिसला, तर वाट दुसऱ्या कार्यालयातून गेली असावी. यादी करताना भाषांतरकार, करसल्लागार, ऑडिटर, झेरॉक्स काढणारा आणि क्लब सोडून गेलेले हमखास निसटतात. मँचेस्टर सिटीच्या स्काउटिंग (खेळाडू हेरण्याच्या) प्रणालीत सिटी सोडून गेलेल्यांनी शिरकाव केल्याच्या तक्रारीवर लिव्हरपूलने २०१३ मध्ये जबाबदारी मान्य न करता दहा लाख पौंड देऊन तडजोड केली, ही बातमी २०१९ मध्ये बाहेर आली. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद झालं पाहिजे.

जबाबदारी तीन थरांत मोजा: कागद देणारा, दार उघडं ठेवणारा, आणि ते बंद आहे ना हे पाहणं ज्याचं काम होतं तो. पाच जण एकच पासवर्ड वापरत असतील तर लॉगमध्ये खातं दिसतं, माणूस दिसत नाही. तिथे कनिष्ठाला बळी देणं अन्याय आहे. ती सोय चालू देणाऱ्याने उत्तर द्यावं.

दोषी सापडेपर्यंत नियामकाला कळवायचं थांबू नका. जीडीपीआर या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम ३३ नुसार वैयक्तिक माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांची मुदत असते. व्यक्तींना धोका संभवत नसेल तरच सूट. पत्रकाराच्या मागे लागून वेळ घालवू नका. स्पेनच्या घटनेचं कलम २० त्याच्या व्यावसायिक गुप्ततेला संरक्षण देतं.

फुटलेल्या कागदातच गैरव्यवहार असेल तर क्रम उलटतो. २०१५ मध्ये ‘फुटबॉल लीक्स’ या संकेतस्थळाने नेदरलँड्सच्या ट्वेंटे क्लबचे डोयेन या गुंतवणूक कंपनीशी झालेले करार उघड केले आणि डच महासंघाने क्लबला तीन वर्षं युरोपीय स्पर्धांबाहेर ठेवलं. अशा वेळी आधी मजकुराची चौकशी व्हावी, तीही बाहेरच्या वकिलाकडून, कारण संचालकच अडकलेले असू शकतात. शिवाय युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश त्याच्या कक्षेतले गैरप्रकार कळवणाऱ्याला सूडापासून वाचवतो.

पुढच्या करारापासून प्रत्येकाची प्रत वेगळी करा. वॉटरमार्क कापता येतो. म्हणून एखाद्या निरुपद्रवी कलमातली शब्दरचना प्रतीगणिक किंचित बदला, सहीची मूळ प्रत मात्र एकच ठेवा. कोणती प्रत कोणाकडे गेली याची नोंद क्लबबाहेरच्या वकिलाकडे सीलबंद असू द्या.