किराण्याच्या भावांची वही: किलोचा दर लिहा

वाणसामानाची बिलं जपून ठेवण्यापेक्षा दहा-बारा नेहमीच्या जिनसांचे भाव वहीत टिपा: तूरडाळ, तेल, साखर, चहा, कांदा, बटाटा, दूध, सिलिंडर, पेट्रोल वगैरे. लिहायचा तो किलोचा किंवा लिटरचा दर, पाकिटाची किंमत नाही. खरी मेख इथेच आहे. तेलाच्या पिशवीची किंमत तीच राहते आणि आतलं तेल घटतं. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पिशवीवर 850 ग्रॅम असेल तर ती लिटरची नव्हे. बिस्किटं, साबण यांचंही तेच, वजन वाचल्याशिवाय कळत नाही.

कांदा-टोमॅटोची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये भरपूर येतो, दिवाळीच्या आधी कांदाचाळीतला (कांदा साठवायच्या शेडमधला) साठा सरत आलेला असतो. तेव्हाची भाववाढ बहुतेकदा ऋतूची असते.

पेट्रोलचे दर 16 जून 2017 पासून देशभर रोज ठरवण्याची पद्धत आली, तरी रोज लिहायची गरज नाही. टाकी भरताना दर, लिटर आणि गाडीचं किलोमीटर रीडिंग टिपलं की पुरे. खर्च वाढला तो दरामुळे की फिरण्यामुळे, लगेच दिसतं. भावांची तुलना नीट व्हावी म्हणून दुकान मात्र शक्यतो एकच ठेवा.