पिंचन वाचायचा तर पेन्सिल घेऊन बसा

उत्तर-आधुनिक साहित्य समजून घ्यायला एम.ए.ला असताना मी आधी ल्योतार, म्हणजे उत्तर-आधुनिकतेवर लिहिणारा फ्रेंच तत्त्वज्ञ, हातात घेतला आणि पंधरा पानांत गार पडलो. तुम्ही उलटं करा. आधी कादंबरी, सिद्धान्त मागाहून. तीही जाडजूड नको. अमेरिकन कादंबरीकार थॉमस पिंचनची 'द क्राइंग ऑफ लॉट 49' (1966) घ्या, दोनशे पानांच्या आत आहे.

पहिल्या वाचनात अर्थ लावत बसू नका. नायिका ईडिपा मासला तोंड बंद केलेल्या टपाली कर्ण्याचं चिन्ह जिथं जिथं दिसतं, तिथं समासात खूण करा. शेजारी लिहा: हे तिला कुणी सांगितलं? दुसऱ्या वाचनात खुणा जोडा. त्या चिन्हामागची गुप्त टपालसेवा खरी, ईडिपाचा भास, की कुणी केलेली थट्टा? पुस्तक सांगत नाही; नावातला 'लॉट 49' ज्या लिलावातला, तो सुरू होण्याआधीच संपतं. शेवटची पानं गळालीत का, हे मी चक्क तपासलं होतं!

आता ल्योतार उघडा. 'महाकथनांवरचा (सगळ्याचा एकच अर्थ लावू पाहणाऱ्या मोठ्या कथांवरचा) अविश्वास' ही त्याची उत्तर-आधुनिकतेची 1979ची व्याख्या एकदम ओळखीची वाटेल.

पुढे अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगटची कादंबरी 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (1969). नायक बिली पिलग्रिमचं काळात मागेपुढे उड्या मारत सांगितलेलं आयुष्य कालक्रमाने एका कागदावर मांडा. मग पाहा, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर झालेली बॉम्बफेक सांगायला लेखक किती पानं टाळाटाळ करतो.